चंदनाला विश्रांती द्यावी

३० एप्रिल २०२५, जव्हार

चंदनाचं नाव आज हजेरीपटावरून कमी झालं. तिच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून २००७ आहे, म्हणजे नव्या वर्षात ती अठराच्या पुढे जाते. मुख्याध्यापकांनी माझ्यासमोर दाखला पुन्हा वाचून ते नक्की केलं. ही तारीख पहिलीत कुणा गुरुजींनी अंदाजानं टाकलेली. तिची आजी म्हणते, पोर नागलीच्या मळणीत झाली, म्हणजे थंडीत. शाळेचे सहा महिने असेच गेले. पण कागदावर आहे ते आहे.

यंदा आमच्या निवासी शाळेतून दोघंच बाहेर पडले. वांगणीच्या पुढच्या पाड्यावरची चंदना आणि दाभोशाचा जिव्या. जिव्याला चार वर्षं शिकवलं, चंदनाला दहा. चंदनाला डाऊन सिंड्रोम आहे. बोलते थोडं, समजतं पुष्कळ, आणि एकदा सांगितलेला नियम मोडत नाही. दर गुरुवारी मुलांना शिरपामाळला चालत नेतो तेव्हा शिट्टी तिच्याकडे असते. एक, दोन, तीन, चार म्हणते आणि पुन्हा एकपासून. तिच्या पुढे कुणी गेलं की तिला खपत नाही. आज वजन केलं, अठ्ठेचाळीस किलो. उंची चार फूट सात इंच. मी तिला यापेक्षा चांगल्या तब्येतीत घरी पाठवू शकले नसते.

दोघांच्या घरच्यांसाठी पत्रं लिहिली. मजकूर नेहमीचाच. डॉक्टरांना तपासणीत छातीत बारीक आवाज ऐकू आला होता, म्हणून चंदनाच्या पत्रात लिहिलं: "जड काम, ओझे, उन्हातले काम देऊ नये. चंदनाला विश्रांती द्यावी." जिव्याच्या पत्रातही तेच उतरवलं, जपलेलं बरं. खाली रोज चालण्याबद्दल दोन ओळी लिहायच्या होत्या, पण गोल शिक्क्याला जागा हवी होती.

बाप नवसू आणि आई पुतळी न्यायला आले होते. नवसूनं पत्र दोन्ही हातांनी घेतलं आणि माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. निघताना चंदनानं विचारलं, "बाई, शाळा कधी?" मी म्हटलं, "जूनमध्ये मी येते हं." तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि जीपमध्ये बसली.

१५ जून, रविवार

पाड्यावर जाऊन आले. वावर गावापर्यंत वडाप जीप, पुढे तासभर पायी.

एका संस्थेनं माझा प्रस्ताव मान्य केलाय. शाळा सुटलेल्या मुलांचं आरोग्य टिकवायचं, म्हणजे चालणं, भाजी, पाणी, झोप. महिन्यातून एक भेट, प्रत्येकी एक चित्रांचा तक्ता, वर्षअखेर आकडे. दहा वर्षं घडवलेली सवय दोन पावसाळ्यांत मोडते, हे मी बघत आलेय. या वेळी मोडू द्यायची नाही.

चंदना ओट्यावर बसली होती. शाळेचा गणवेश, केसांना रिबन, दप्तर मांडीवर. रविवार असूनही. समाधान वाटलं. आजी हिरी म्हणाली, "रोज अशीच बसते. उठली की आंगोळ करते न् हितं येते." म्हणजे स्वच्छतेची सवय पक्की आहे. तक्ता कुडाला टांगला, रोज चार खुणा कशा करायच्या ते दाखवलं. चंदनाचं लक्ष माझ्या पिशवीकडे होतं.

"बाई, जायचं?"

"मी जाते. तू इथं चालायचं. पार त्या वळणापर्यंत, रोज."

तिनं मान हलवली. नियम समजला की ती अशीच मान हलवते.

२० जुलै, रविवार

आवणी चालू आहे, भाताची लावणी. सगळा पाडा चिखलात, म्हाताऱ्यासुद्धा. ओट्यावर चंदना एकटी, हातात पाच रुपयांचं कुरकुऱ्यांचं पाकीट. वजन ५१.

मला राग आला. शेतावर जाऊन पुतळीला म्हटलं, "अख्खा दिवस पोर एका जागी बसलीय. शाळेत ती चार मैल चालायची."

पुतळी कमरेत वाकलेली तशीच म्हणाली, "मंग चिखलात घालू का तिला? तुमीच सांगलं ना, बाई."

मी काय सांगितलं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पाऊस वाढत होता, चारच्या जीपनंतर दुसरी नव्हती. या लोकांचा जीव आहे पोरीवर, पण दुरून आलेल्या पाहुणीवर असतो तसा. उठ म्हणायला धजत नाहीत.

चंदनाला मी स्वतः वळणापर्यंत चालवत नेलं. छान चालली. तिथं खालून जीपचा आवाज आला तशी माझा हात सोडून माघारी धावली आणि दप्तर घेऊन ओट्यावर बसली. जीप दुसऱ्याच पाड्यावर गेली. गाड्यांना घाबरायला कधी लागली कोण जाणे.

१७ ऑगस्ट, रविवार

दाभोशाला. जिव्याचं वजन एप्रिलमध्ये होतं तेवढंच, अंग उन्हानं काळंभोर. काकाबरोबर नदीवर जातो, आवणीत रोपांच्या मुठी पोचवल्या, गुरांमागे फिरतो. तक्ता कुठेतरी हरवलाय. काका फार ओशाळला होता. "बाई, तुमचा तो कागूद गळतीत भिजला. वाचताच आला नाय कोनाला. दुसरा भेटंल का?"

म्हटलं, त्यात काय, पाठवते. आल्या आल्या त्याच्या पत्राची शाळेतली प्रत काढून पाकिटात घातली.

जिव्याचं इतकं बरं का चाललंय, हे अहवालात कसं मांडावं कळत नाही. मुळात अंगानं काटक, असं लिहिलं.

२ नोव्हेंबर, रविवार

चंदना ५८ किलो. वजनकाटा मी शाळेतून उचलून नेते. काटा ओट्यावर ठेवला की अर्धा पाडा रांग लावतो. नवसू चव्वेचाळीस भरला.

शेजारची रुपी म्हणाली, "नवसूदा, पोर तुला खांद्यावर घिऊन नाचवंल आता."

"नाचव की," नवसू हसत म्हणाला. "आमच्या घरात कोन तरी आंगानं भरलं."

आशा कार्यकर्ती सुनिताही खूश होती. तिच्या वहीत हडकुळी पोरं आणि अशक्त बायका. "मॅडम, वाढलेलं वजन लिहायला मला रकानाच नाही हो. माझ्या पाड्यांवरची एकच केस आहे जी वर चाललीय." ती थट्टा करत होती आणि करतही नव्हती. मी तिला बाजूला घेऊन समजावलं की चार फूट सात इंचाला अठ्ठावन्न बरं नाही. ती म्हणाली, "हे तुम्ही पाड्यावर बोलू नका. इथं पोर बारीक झाली की लोक विचारतात, आई जेवायला घालीत नाही का."

मंगळवारी नवसू आणि पुतळी भिवंडीकडच्या वीटभट्टीवर निघतात, होळीला परततील. चंदनाचा मोठा भाऊ मुकेश तिकडेच गोदामात आहे. चंदनाला नेणार नाहीत. "तिथं ऊन," नवसू म्हणाला, जणू एवढ्यात सगळं आलं. आजीला एका डोळ्यानं दिसत नाही. तिच्याजवळ ही राहणार, का हिच्याजवळ ती, सांगता येत नाही.

निघताना चंदनानं माझा पदर धरला. "बाई, शाळा?"

"आता नाही, चंदना. बघू."

'नाही' म्हटलं तर ती दिवसभर जेवत नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे. म्हणून 'बघू' म्हणते.

१४ डिसेंबर, रविवार

तक्त्यावर अख्ख्या महिन्याच्या सगळ्या चौकटींत खुणा. तिला खुणा करायला आवडतात, एका बैठकीत संपवल्या असणार. चालल्याचे तीस दिवस, भाजीचे तीस, पाण्याचे तीस, झोपेचे तीस. आजी म्हणते, अंगणातसुद्धा उतरत नाही. जीपच्या वेळेला तर मुळीच नाही.

संस्थेला आकडे उद्या द्यायचे होते. तीस लिहिले नाहीत, अठरा लिहिले. अठराच का, ते मला सांगता येणार नाही.

१८ जानेवारी २०२६, रविवार

चंदनाच्या रक्तातली साखर २८६. सुनितानं दोन वेगळ्या बोटांतून थेंब घेऊन दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा २९१. वजन ६४.

महिनाभर तिला तहान लागते आहे. हंडा रिकामा करते आणि पुन्हा पाणी मागते. आजीला पाणी भरायला जमेना, म्हणून तिनं फोनवर मुकेशला सांगितलं. तो बिचारा दोन दिवसांचा खाडा करून आला आणि थंड पेयाच्या मोठ्या बाटल्यांचं खोकं ठेवून गेला. बहिणीची तहान भागावी म्हणून. खोक्यात चार उरल्या होत्या. मी त्या ओतून दिल्या तेव्हा आजी बघत होती, मग म्हणाली, "बाई, त्याच्या घामाचं हाय ते."



चंदनाला समोर बसवून सांगितलं. गोड नाही, पाकीट नाही, रोज चालायचं. "वजन उतरलं की मग बघू शाळेचं." या एका वाक्यावर तिचा चेहरा उजळला. युक्ती लागू पडेलसं वाटतंय. दहा वर्षांत मी तिच्याशी खोटं कधी बोललेली नाही, आणि हेही तसं खोटं नाही. एखाद्या गुरुवारी शाळा दाखवायला आणता येईल की.

२५ जानेवारी

काल तिला जव्हारला दवाखान्यात आणलं. गोळ्या सुरू केल्या. थायरॉइड तपासायचंय, हृदयाचा इको काढायचाय, तो नाशिकला. पायावर बोट दाबलं की खड्डा राहतो. डॉक्टर म्हणाले, "ही मुलगी वर्षभरात काय करत होती?" मी म्हटलं, घरी होती.

सुई टोचताना फार ओरडली. परत नेताना जीपमध्ये माझ्याशी बोलली नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज कळलं. कळून उपयोग काय, ते माहीत नाही, पण लिहून ठेवते.

वजन ६६. मी आजीवर घसरले. म्हटलं, दोन गोळ्या आणि दोन फेऱ्या, एवढंही होत नाही का तुमच्याकडून? हिरी आजी उठली, कुडाच्या खाचेतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. प्लास्टिकमध्ये बंद केलेला. मुकेशनं भिवंडीतून करून आणलाय, भिजू नये म्हणून.

"मला वाचता येत नाय, बाई. पन नवसूनं पाठ करून घेतलाय माझ्याकडनं. वझं नाय, ऊन नाय, काम नाय. इस्रांती. शाळेचा शिक्का हाय. मी एक दिस मोडलं नाय. पानी आनाया निघाली तरी बसवली."

माझंच अक्षर. खाली गोल शिक्का, ठळक.

आजीनं सांगितलं तेही लिहिते. गेल्या मे महिन्यात, घरी आली त्या आठवड्यात, चंदना हंडा घेऊन विहिरीवर गेली होती, आपण होऊन, शिट्टी तोंडात धरून, पाड्यावरची पोरं मागे. नवसूनं धावत जाऊन हंडा काढून घेतला. ती रडली. त्यानं तिला कागद दाखवला. "मंग बसली," आजी म्हणाली. "तुमचं नाव सांगलं न् बसली."

मी चंदनाला म्हटलं, चल, आत्ता आपण दोघी विहिरीवर जाऊ. ती जागची हलली नाही. "आराम," म्हणाली. "बाईचा कागूद."

२३ फेब्रुवारी

नवं पत्र लिहिलं. रोज एक तास चालावं, घरातलं हलकं काम करावं, पाणी आणावं, जात्यावर बसावं, लोकांत मिसळावं. तसल्याच कागदावर. मुख्याध्यापकांकडे शिक्क्याला नेलं.

त्यांनी शांतपणे वाचलं. "मजकूर उत्तम आहे. पण भारतीबाई, ती आता आपली विद्यार्थिनी नाही. पटावर नसलेल्या मुलीला शाळेचा शिक्का कसा मारू? उद्या काही झालं तर?"

"झालंय, सर."

"म्हणूनच," ते म्हणाले.

मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही मारला नसता. एप्रिलमधल्या पत्रातही आम्ही एकमेकांनाच जपत होतो, एवढंच.

२४ फेब्रुवारी

ऑगस्टमधली प्रत मध्यरात्री आठवली. सकाळी दाभोशाला जिव्याच्या काकाला फोन केला. म्हणाला, "भेटला ना कागूद, तवाच भेटला. आता नदीवर नेत नाय मी त्याला. आमाला ठावं नव्हतं बाई, त्याच्या छातीत काय हाय ते."

जिव्याच्या छातीत काहीच नाही. मी तसं तीन वेळा सांगितलं. काका हो हो म्हणत राहिला. मुठीत धरता येत नाही त्या बोलण्याला तो किती मानणार?

४ मार्च

होळीला सगळे आलेत. अंगणात गवऱ्यांची राख, पोरांच्या तोंडाला रंग. नवसूला नवं पत्र वाचून दाखवलं. तो उकिडवा बसून ऐकत होता. मग त्यानं दोन्ही कागद जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले.

"ह्याच्यावर शिक्का नाय."

"नाही. पण मीच लिहिलंय. तेही मीच लिहिलं होतं, नवसू. ते अर्धं राहिलं."

"मंग पयला खोटा का?"

"खोटा नाही. अपुरा."

पुतळी दारात उभी होती. ती म्हणाली, "बाई, चार म्हयने आमी तिला भट्टीवर नेली नाय. सोडून गेलो. रोज रडाया यायचं मला. कागदात हाय म्हनून सोडली."

नवसूनं नवा कागद घडी करून मला परत दिला, अगदी आदरानं. जुना पुन्हा कुडात ठेवला. "आता ती आजारी हाय," तो म्हणाला. "डाक्तर बी बोलला आजारी हाय. आता तर इस्रांती लागंलच ना?"

आता खरोखरच तिला दम लागतो.

७ मार्च

जव्हारच्या डॉक्टरांचा फोन. नाशिकला मंगळवारी १० तारखेची वेळ मिळाली आहे. इको, थायरॉइड, आणि साखर आटोक्यात येईपर्यंत दहा-बारा दिवस ठेवून घेतील. इन्सुलिन लागेल असं त्यांना वाटतं. ते रोज टोचणार कोण, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि मीही त्यांना विचारला.

संध्याकाळी पाड्यावर फोन लावून चंदनाला दिला. दवाखाना म्हटलं की ती जीपमध्ये चढणार नाही, मागच्या वेळचं तिच्या लक्षात आहे. म्हणून एवढंच सांगितलं, "मंगळवारी सकाळी मी जीप घेऊन तुला न्यायला येते. तयार राहा."

पलीकडून दप्तर ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बाई, मी तयार."

८ मार्च, रविवार

पुतळीचा फोन आला. चंदना काल संध्याकाळपासून बसलेली नाही. सकाळी उठून घरोघर गेली, दम लागला तर थांबून, पण सगळी अकरा घरं केली. प्रत्येक दारात उभी राहून "मी चालले" म्हणाली. रुपीच्या पोरीला आपला कंगवा दिला. आजीच्या पाया पडली. दुपारी भाकरी आणि भाजी पोटभर जेवली, पाकीट नको म्हणाली. पुतळी फोनवर रडत होती, हसतही होती. "वरीसभरात अशी चालली नव्हती, बाई. काय सांगलंव तिला?"

मलाही उमगत नाही. औषधाचा गुण असेल, होळीला माणसं भेटली त्याचाही असेल. काही असो, चांगलं लक्षण आहे. दवाखान्यात ती सहकार्य करेल असं वाटतंय.

नवसू आणि पुतळी गुरुवारी भट्टीवर परततात, त्यांचं थांबणं होणार नाही. बारा दिवसांनी चंदना आजीकडेच येईल. इन्सुलिनचं सुनिताशी बोलायचंय, पण तिच्याकडे नऊ पाडे आहेत.

भाड्याची जीप पाड्याच्या वळणापर्यंत नेता येते; परवा सातला वावर सोडू. जव्हारला पावणेनऊपर्यंत, पुढे मोखाडा, त्र्यंबक आणि अकराच्या आत नाशिक. रस्ता शाळेच्या फाटकावरूनच जातो. थांबायला वेळ नाही, ड्रायव्हरला तसं सांगून ठेवलंय. कुठे चाललोय ते तिला मोखाडा मागे पडल्यावर सांगेन.